चाकांवाचून चालणारे घर

गाडीतच चूल आणि अंथरूण घेऊन माळावर मुक्काम करणाऱ्या हौशी प्रवाशांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. बिलोलीत बसून ते वाचताना आम्हाला आठवतो तो तांडा. मारवाडशी नाते सांगणाऱ्या लमाणांचे घरही चालतेच होते. त्याला चाके नव्हती, बैल होते. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात धान्य लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा भेटला. बायकामुलांसह सारा संसार सोबत. मुक्कामी गोण्या रचल्या की त्यांचाच कोट होई. फौजांना या गोण्या हव्याच असत. १८०३ च्या युद्धात वेलस्लीची रसदही बंजाऱ्यांनी वाहिली.

पुढे रस्ते आले, रेल्वे आली, बैलांवरचा व्यापार बसला. भटकण्यालाच गुन्ह्याचा वास येऊ लागला तो १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने. तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बिलोली मुंबई राज्यात आली, शेजारचे बोधन आंध्रात गेले. गोरमाटी बोलणारा समाज मात्र दोन्हीकडे तोच. १९७६ च्या कायद्यानंतर तिकडचा लंबाडा अनुसूचित जमातीत, इकडचा बंजारा विमुक्त जातींत. मधे अंतर किती, तर काही कोसांचे. तांड्याच्या हिशेबाने एखाददुसरा मुक्काम.