बाटली, पोप आणि मतपेटी

निवडणुकीच्या गप्पा निघाल्या, की मला हटकून १९२८ सालची अमेरिका आठवते. आठवते म्हणजे वाचलेली. मी काही मतदानाला गेलो नव्हतो! त्या देशात १९२० पासून दारूबंदी होती. बंदी कडक आणि चोरून मिळणारी दारूही तितकीच कडक. शिवाय डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळे, औषध म्हणून. ‘प्रकृतीसाठी’ परवाना काढणाऱ्या आपल्या मुंबईकरांना यात नवल वाटायचे कारण नाही.

राष्ट्राध्यक्षपदासाठी हर्बर्ट हूव्हर आणि न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल् स्मिथ उभे होते. दारूबंदी हा उदात्त हेतूचा प्रयोग, असे हूव्हरसाहेबांचे मत. स्मिथ म्हणजे रोखठोक गडी. कायदा बदला, असे त्याने उघड सांगून टाकले. त्यातून तो कॅथलिक! मग काय विचारता? हा निवडून आला तर पोप राज्य करणार, न्यूयॉर्कचा नवा बोगदा थेट रोमला निघणार, अशा कंड्या पिकल्या. ४८ पैकी ४० राज्ये हूव्हरसाहेबांनी खिशात टाकली.

पुढच्याच वर्षी शेअरबाजार कोसळला. लोकांची भाकरी गेली, सरकारला दारूवरच्या कराची आठवण झाली. १९३२ मध्ये रूझवेल्टनी दारूबंदी उठवा म्हटले, तर ४२ राज्ये त्यांच्या मागे! १९३३ च्या डिसेंबरात बंदी उठलीसुद्धा.

बाटलीला लोकांनी पाच वर्षांत माफ केले. कॅथलिक माणसाला मात्र १९६० पर्यंत थांबावे लागले. तेव्हा कुठे केनेडी निवडून आले.