शाळेच्या दारातून परत

न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने १८९७ साली दीडशे डॉक्टर अर्धवेळ नेमले आणि त्यांना सरकारी शाळांत पाठवलं. मुलं तपासायची, संसर्गाचा आजार दिसला की त्या मुलाला घरी धाडायचं, एवढंच त्यांचं काम. घटसर्पासारखा जीवघेणा रोग वर्गात शिरला तर दुसरा मार्गही नव्हता. १९०२ मध्ये ही तपासणी कडक झाली, आणि मग खुपऱ्या, खरूज, नायटा आणि डोक्यातल्या उवा यांपायी मुलं हजारोंनी शाळेबाहेर जाऊ लागली. त्या एका सप्टेंबर महिन्यात घरी पाठवलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती.

घरी म्हणजे कुठे? लोअर ईस्ट साइड या भागात रशियातून आलेली ज्यू कुटुंबं आणि इटलीतून आलेले मजूर अंधाऱ्या चाळींमधून दाटीवाटीने राहत. आईबाप दिवसभर कामात, इंग्रजी वाचता न येणारे. मुलाच्या हातात दिलेल्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते त्यांना कळत नसे, कळलं तरी करायचं काय हे कुणी सांगत नसे. ज्यांच्यापासून दूर ठेवायला म्हणून मुलाला हाकललं, त्याच वर्गमित्रांबरोबर ते संध्याकाळी रस्त्यावर खेळायचं. उवा होत्या तिथेच राहायच्या आणि मुलाची शाळा मात्र बुडायची.

याच वस्तीत हेन्री स्ट्रीटवर लिलियन वॉल्ड ही नर्स सेवाकेंद्र चालवत होती. तिला एक बारा वर्षांचा मुलगा भेटला, लुई नावाचा. त्याच्या डोक्यावर फोड होते. शाळेत गेलं की बाई परत पाठवत, म्हणून तो वर्गात बसून कधी शिकलाच नव्हता. वॉल्डने दवाखान्यातलं मलम आणून नेमाने लावलं, डोकं बरं झालं, मुलगा शाळेत गेला. बारा वर्षांच्या पोराचं आयुष्य थोड्याशा मलमावाचून अडून राहिलं होतं, ही गोष्ट तिच्या मनातून गेली नाही. पुढे तिने आपल्या आठवणींत ती लिहून ठेवली. शहराचे अधिकारी तिच्याकडे सल्ल्याला आले तेव्हा तिने सुचवलं की शाळेत नुसते डॉक्टर नकोत, नर्स हवी. डॉक्टर रोग ओळखतो आणि निघून जातो, नर्स थांबते.

ऑक्टोबर १९०२ मध्ये वॉल्डच्या केंद्रातली नर्स लिना रॉजर्स हिला या प्रयोगासाठी एका महिन्यापुरतं देण्यात आलं. मूळची कॅनडाची, टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयात शिकलेली. तिच्याकडे चार शाळा आणि सुमारे दहा हजार मुलं. किरकोळ त्रास असलेल्या मुलाला ती शाळेतच औषध लावायची आणि वर्गात परत बसवायची. दुपारनंतर जिने चढून घरोघर जायची आणि आईला समोर बसवून दाखवायची: तेल कसं चोळायचं, केस कसे धुवायचे, फणी कुठून कुठे फिरवायची. त्या काळी उवांवर रॉकेल आणि गोडं तेल एकत्र करून लावत, आणि लिखा सुटाव्यात म्हणून केसांना व्हिनेगर चोळत. रॉकेलाचा उपाय आज कुणीही करू नये. पेट घेणारं द्रव्य आहे ते, मुलं भाजतात. पण तिच्या कामाचं मर्म रॉकेलात नव्हतंच. कुणीतरी घरापर्यंत गेलं आणि आईला दोष न देता तिच्या शेजारी बसलं, यात ते होतं.

सप्टेंबर १९०३ मध्ये घरी पाठवलेली मुलं होती १,१०१.

वर्षभरात साडेदहा हजारांवरून अकराशेवर! एवढा स्पष्ट पुरावा हाती आल्यावर जगभरच्या शाळांनी धडा घेतला असता तर पुढचं शतक वेगळं गेलं असतं. नर्स नेमण्याची पद्धत पसरली हे खरं, पण तिच्या बरोबरीने, आणि कित्येक ठिकाणी तिच्या आधी, शिक्षा पसरली.

इंग्लंडमध्ये १९०७ च्या कायद्याने शाळेतली वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली, आणि १९०८ च्या बालक कायद्याने स्थानिक शिक्षण मंडळांना आणखी एक अधिकार दिला. मूल अस्वच्छ आढळलं तर पालकांना नोटीस द्यायची. चोवीस तासांत सफाई झाली नाही तर मंडळाने मूल ताब्यात घेऊन ती करायची. पुन्हा तसंच आढळलं तर पालकांना दंड. शाळेची नर्स वर्गात आली की मुलं रांगेत उभी राहत. ती एकेकाचे केस उलगडून बघे, आणि जिला बाजूला काढलं तिच्याकडे सगळा वर्ग बघे. उवा म्हणजे घाण, घाण म्हणजे गरिबी, आणि गरिबी म्हणजे आईचा हलगर्जीपणा, ही साखळी त्या रांगेत घट्ट झाली. ऊ मात्र धुतलेल्या केसांतही तितक्याच सुखाने राहते. तिला लागतं रक्त आणि ऊब, आणि पसरायला लागतं डोक्याला डोकं. ती उडत नाही, उड्याही मारत नाही.

ही तपासणी किती फोल होती ते महायुद्धाने उघड केलं. सप्टेंबर १९३९ मध्ये बॉम्बच्या भीतीने ब्रिटिश शहरांतली लाखो मुलं खेड्यापाड्यांतल्या परक्या घरी पाठवली गेली. काही दिवसांतच यजमानांच्या तक्रारी सुरू झाल्या. शाळांचे अहवाल तर सांगत होते की उवांचं प्रमाण किरकोळ आहे. केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने मग शाळांची आकडेवारी बाजूला ठेवली आणि संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयांत दाखल झालेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या, कारण तिथे प्रत्येक मुलाचं डोकं काळजीपूर्वक पाहिलं जाई. १९४१ मध्ये त्याने निष्कर्ष छापले: औद्योगिक शहरांत शाळकरी मुलींपैकी जवळपास निम्म्यांच्या डोक्यात उवा होत्या. शाळेत न जाणारी लहान भावंडंही त्यात होती, म्हणजे उवांचं मूळ वर्गाइतकंच घरात होतं. तीस वर्षांच्या नोटिसा आणि दंडांनंतरची ही स्थिती.

उवांच्या भीतीला एक गंभीर कारणही होतं, ते नाकारता येणार नाही. शार्ल निकोल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ट्यूनिसला सिद्ध केलं की टायफस हा प्राणघातक ताप उवा पसरवतात; त्याला १९२८ चं नोबेल मिळालं. पण तो ताप पसरवते ती अंगावरच्या कपड्यांत राहणारी ऊ. मुलांच्या डोक्यातल्या उवेने खाज सुटते, झोप मोडते, खाजवून जखमा होतात, रोग सहसा पसरत नाही. हा फरक पुस्तकांत राहिला. शाळांच्या मनात दोन्ही उवा एकच झाल्या.

युद्धानंतर रसायनांचा काळ आला. डीडीटी, मग लिंडेन, मॅलेथिऑन, परमेथ्रिन. प्रत्येकाने सुरुवातीला कमाल केली आणि काही वर्षांत उवा त्याला सरावल्या. परमेथ्रिनला न जुमानणाऱ्या उवा १९९० च्या दशकात अनेक देशांत आढळल्या. उवा पुन्हा पुन्हा होण्यामागे आणखी एक साधं कारण आहे. लीख केसाला मुळाशी पक्की चिकटलेली असते आणि साधारण सात ते नऊ दिवसांनी फुटते. बरीच औषधं हिंडती ऊ मारतात, लिखेच्या आतली वाचते. पहिल्या दिवशी औषध लावून आई निश्चिंत होते, आणि आठवड्याने नवी पिढी बाहेर पडते. ती अंडी घालू लागण्याआधी दुसरा हात फिरला नाही तर सगळं पहिल्यापासून. त्यात घरातल्या एकाच मुलाचं डोकं पाहिलं आणि शेजारी झोपणाऱ्या बहिणीचं राहिलं, तर औषध कितीही जालीम असो, उपयोग नाही.

म्हणून फणी परत आली. ती तशी कुठे गेलीही नव्हती. इस्राएलमधल्या लाखीश इथे सापडलेल्या सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती फणीवर कनानी लिपीत सात शब्द कोरलेले आहेत, आणि त्यांचा आशय आहे की या फणीने केसांतल्या व दाढीतल्या उवा निघोत. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लांबीच्या मापांत आठ लिखांची एक यूका, म्हणजे ऊ, धरली आहे. इतका हा जीव रोजच्या नजरेतला. ब्रिटनमध्ये ओल्या केसांना कंडिशनर लावून दोन आठवड्यांत चार वेळा बारीक दातांची फणी फिरवण्याची पद्धत चाचण्यांत उतरवली गेली. २००० साली वेल्समधल्या चाचणीत मॅलेथिऑन सरस ठरलं. २००५ मध्ये मात्र सुधारित फणीच्या संचाने ५७ टक्के मुलं उवामुक्त झाली, तर दुकानातल्या औषधांनी १३ टक्के.

अमेरिकेत दरम्यान एक लीख दिसली तरी प्रवेश नाही, असा नियम अनेक शाळांनी केला होता. अटलांटाजवळच्या शाळांत १,७२९ मुलं तपासून झालेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या केसांत फक्त लिखा होत्या अशा ५० मुलांवर दोन आठवडे लक्ष ठेवलं, तेव्हा त्यांतल्या नऊच जणांच्या डोक्यात जिवंत उवा झाल्या. बाकीच्यांच्या लिखा मेलेल्या किंवा रिकाम्या असाव्यात. अशा मुलांना घरी बसवणं म्हणजे विनाकारण शाळा बुडवणं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अहवालांत हा नियम सोडून द्यायला सांगितलं, आणि २०२२ च्या अहवालातही तेच बजावलं: उवांसाठी निरोगी मुलाला वर्गाबाहेर काढू नका. लिना रॉजर्सने जे करून दाखवलं ते कागदावर यायला शंभर वर्षं लागली.

आपल्या बाजूला पाहायचं तर सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १९०९ मध्ये शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी झाली, सक्तीचं प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू झाल्यावर अवघ्या तीन वर्षांनी. मुलांना शाळेत बोलवायचं तर त्यांच्या शरीराकडेही पाहायला हवं, हे त्या राज्याला तेव्हा कळलं होतं. बाकी देशात शाळेची आरोग्यसेवा जवळपास नाहीच, असं देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीला १९४६ मध्ये लिहावं लागलं. २०१३ पासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं सरकारी शाळेत वर्षातून एकदा येतात. हृदयाचा दोष किंवा कमी ऐकू येणं शोधायला त्याचा मोठा उपयोग आहे. उवेची पिढी मात्र तीन आठवड्यांची असते.

त्यामुळे मराठी घरांत हे काम आईच्या, आजीच्या आणि थोरल्या बहिणीच्याच हाती राहिलं. सुटीच्या दिवशी उन्हात बसून डोकं पाहायचं, उवा टिपायच्या, लिखा ओढायच्या, खोबरेल तेल चोपून घट्ट वेण्या घालायच्या. यातलं बरंच शहाणपणाचं आहे: तेलाने ऊ मंदावते, फणी सहज फिरते, आणि बांधलेले केस दुसऱ्याच्या डोक्याला कमी लागतात. सीताफळाच्या बियांची पूड मात्र जपून. तिने ऊ मरते हे खरं, पण ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते आणि मुलाला डॉक्टरांकडे पळवावं लागतं.

जिथे आई जवळ नाही तिथे अडचण खरी आहे. आश्रमशाळा आणि वसतिगृहांत मुली शेजारी शेजारी झोपतात, एकमेकींचे केस विंचरतात, आणि उवा झाल्या की सर्वांत झटपट सुचणारा उपाय म्हणजे केस कापून टाकणं. ज्या मुलीने घर सोडून शिकायला यायचं धाडस केलं तिच्यावर हा अन्याय आहे, आणि त्याची गरजही नाही. खोलीतल्या सगळ्या मुलींची डोकी एकाच दिवशी पाहायची, मग पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी पुन्हा. तेल किंवा कंडिशनर, चांगल्या बारीक दातांची फणी, खिडकीजवळचा उजेड, आणि प्रत्येकीमागे बसून दहा-पंधरा मिनिटं देईल अशी एक पगारी बाई, इतका खर्च अंदाजपत्रकात धरायचा आहे.