बोट भाड्याने चालवायची आहे? आधी पाण्याची परवानगी, मग बोट. कोणते कागद लागतात ते वाचा

एरंडोल : पाऊस बरा झाला आणि अंजनी धरणात पाणी आलं की रविवारी पाणी बघायला लोक निघतात. पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला येणारा बाहेरगावचा माणूसही जवळपास फिरायला काय आहे ते विचारतो. हे पाहून आमच्याकडची दोन पोरं परवा विचारत होती, "भाऊ, कापसात काही राहत नाही. एखादी जुनी बोट घेऊन माणसं फिरवली तर?"

विचार वाईट नाही. पण बोट विकत घेणं हे या धंद्यातलं शेवटचं काम आहे. आपल्याकडे पोरं तेच पहिलं करतात, उसनवारी करून बोट आणतात आणि मग परवानगी नाही म्हणून ती खळ्यात पडून राहते. म्हणून क्रमाने काय करायचं ते इथे देत आहोत.

१) पाणी कोणाचं, ते आधी विचारा

धरण गावाच्या शिवारात असलं तरी पाणी गावाचं नसतं. मोठे आणि मध्यम प्रकल्प जलसंपदा विभागाकडे असतात. आपल्या भागात ते तापी पाटबंधारे विकास महामंडळाच्या अखत्यारीत येतात. लहान तलाव जिल्हा परिषद, जलसंधारण विभाग, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडे असू शकतो. तलाव वनजमिनीत असेल तर वन विभागाला विचारावं लागतं.

त्या पाण्याचा जो मालक विभाग आहे त्याची लेखी परवानगी पाहिजे. सरपंचांनी किंवा ओळखीच्या साहेबांनी तोंडी 'करा, काही होत नाही' म्हटलेलं पुढे कामाला येत नाही. ग्रामपंचायतीचा ठराव जोडला तर चांगलंच, पण धरणाच्या पाण्यासाठी नुसता ठराव पुरत नाही.

मासेमारी संस्थेच्या सभासदांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मासेमारीचा ठेका हा माशांसाठी असतो. त्यावर पर्यटक बसवून पैसे घेता येत नाहीत.

पिण्याचं पाणी उचललं जातं त्या तलावात इंजिनाची बोट मागताना जास्त विचार करा. भोपाळच्या मोठ्या तलावातल्या क्रूझ आणि मोटरबोटी 2023 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बंद करायला लावल्या. कारण तेच, पाण्यात जाणारं तेल आणि धूर. अशा ठिकाणी पायडलची किंवा वल्ह्याची बोट मागितलेली बरी.

२) बोटीचे कागद : ट्रॅक्टरसारखंच समजा

नदी, कालवा, तलाव अशा आतल्या पाण्यासाठी देशात अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 आहे. 1917 चा जुना कायदा जाऊन हा आला. इंजिनावर चालणाऱ्या बोटीला त्यात चार गोष्टी लागतात.

- तपासणीचा दाखला : गाडीच्या फिटनेससारखा. बोटीचा सांगाडा, तोल, इंजिन आणि किती माणसं बसू शकतात हे तपासून ठरतं.
- नोंदणी : ट्रॅक्टरच्या आरसी बुकासारखी. तपासणीचा दाखला असल्याशिवाय नोंदणी होत नाही. नोंदणीचा नंबर बोटीवर ठळक दिसला पाहिजे.
- चालवणाऱ्याचा दाखला : लायसन्ससारखा. लहानपणापासून पोहतो, डोंगी चालवतो, एवढ्यावर भागत नाही.
- विमा : बसलेल्या माणसाला इजा झाली किंवा तो दगावला तर भरपाई देण्यासाठी.

आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहतं. नाव सागरी असलं तरी धरणातल्या बोटीसाठीही तिथेच जावं लागतं.

वल्ह्याच्या किंवा पायडलच्या बोटीला इंजिन नाही, म्हणजे ती कायद्याबाहेर असं समजू नका. अशा बोटींची नोंद जिल्हा, तालुका किंवा गाव पातळीवरच्या स्थानिक संस्थेकडे ठेवण्याची सोय याच कायद्यात आहे. परवानगी देणारा विभाग स्वतःच्या अटी घालतो, त्याही पाळाव्या लागतात.

जुनी बोट घेणाऱ्यांनी जास्त जपावं. 7 मे 2023 रोजी केरळात तानूरला बोट उलटून 22 जण गेले. ती मूळची मासेमारीची बोट होती, बदल करून पर्यटकांसाठी वापरात आणलेली. वरून रंग नवा असला तरी तोल जुनाच असतो.

३) धंद्याचे कागद

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. कामगार थोडे असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. बँक कर्ज मागायला गेलात तर पहिला प्रश्न पाण्याच्या परवानगीचाच येईल, म्हणून तो कागद आधी हातात पाहिजे.

४) पाण्यावर रोज पाळायचं

- बसणाऱ्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट, तेही बांधलेलं. सीटखाली ठेवलेलं जॅकेट कोणाला वाचवत नाही. लहान मुलांना लहान मापाचं ठेवा.
- दाखल्यावर जेवढी माणसं लिहिली तेवढीच. मांडीवरचं पोरही मोजा.
- वारा सुटला, आभाळ आलं, अंधार पडायला लागला की बोट काठाला.
- दारू प्यायलेल्याला बसवू नका आणि अशाच्या हाती वल्हंही देऊ नका.
- दोर, हवेचं टायर आणि पट्टीचा पोहणारा काठावर कायम असावा.
- प्रत्येक फेरीला नाव आणि मोबाईल नंबर वहीत लिहा.

पॉवरबोट चालवणं आणि जीवरक्षणाचं प्रशिक्षण गोव्यात केंद्र सरकारच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत मिळतं.

५) नियम मोडला तर

भाडं घेऊन असुरक्षित किंवा जादा भरलेल्या नावेतून माणसं नेली आणि जीव धोक्यात घातला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 284 लागतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यासाठी अपघात व्हायलाच पाहिजे असं नाही. निष्काळजीपणाने कोणी दगावलं तर कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

18 जानेवारी 2024 ला बडोद्याच्या हरणी तलावात सहलीला आलेली 12 शाळकरी मुलं आणि 2 शिक्षिका बुडाल्या. बोटीत जादा माणसं होती आणि बऱ्याच मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्याच वर्षी 21 मे रोजी आपल्या राज्यात उजनी धरणात वादळी वाऱ्यात बोट उलटून 6 जण गेले. दोन्ही ठिकाणं समुद्रातली नाहीत. एक तलाव, एक धरण, आपल्याकडे आहेत तशीच.

सुरुवात कशी करायची

साध्या कागदावर अर्ज लिहा : कोणतं पाणी, कोणत्या प्रकारची बोट, किती बोटी, वर्षातले किती महिने. तो पाटबंधारे विभागाच्या कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. उत्तर लेखी येईपर्यंत कोणालाही बोटीचा इसार देऊ नका. उन्हाळ्यात पाणी तळाला जातं, तेव्हा कमाई बाराही महिन्यांची धरू नका.

आणि उद्या तुमच्या बोटीत पाहुण्यांचीच पोरं बसणार आहेत असं समजून जॅकेट मोजून आणा.