पऱ्हाटीच्या पानातलं मँगनीज

श्रावणातली सकाळ. आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथजवळच्या काळ्या रानात तुम्ही गुडघाभर पऱ्हाटीत उभे आहात. रात्रीचा पाऊस उघडलाय, चिखल चपला सोडत नाही. उत्तरेला पैनगंगा, पलीकडे यवतमाळ जिल्हा. बांधावरून दोघी मराठीत बोलत जातात, शेजारच्या रानातून तेलुगूत हाक येते.

एक पान हातात घ्या, तोडू नका. त्यावर ऊन पडलं की आत पाणी फुटतं आणि ऑक्सिजन मोकळा होतो. प्रयोगशाळेत पाणी फोडायचं तर वीज लागते. हे पान ते ढगांतून डोकावणाऱ्या उन्हावर करतं. काम करणारा असतो अणूंचा एक गठ्ठा : चार मँगनीज, एक कॅल्शियम, पाच ऑक्सिजन. पृथ्वीवरचा जवळजवळ सगळा श्वास या गठ्ठ्यावर चाललाय. तो काम करताना दिसावा म्हणून तुम्हाला काळात बरंच हिंडावं लागणार आहे.

आधी मागे, खूप मागे. पायाखालची काळी माती नाहीशी होते. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. तुम्ही त्याच्याही कितीतरी आधी पोचलात. जमिनीवर झाड नाही, जनावर नाही. आदिलाबादच्या जागी समुद्र आहे आणि तळाशी चुन्याचा बारीक गाळ थरावर थर बसतोय. पाण्यात मँगनीज विरघळलेलं आहे. ऑक्सिजन भेटला की त्याची काळी भुकटी होऊन तळाला जाते. हा ऑक्सिजन देतात सायनोबॅक्टेरिया, डोळ्यांना न दिसणारे जीव, आणि त्यांच्या अंगातही तोच गठ्ठा आहे. मँगनीजच्या जोरावर निघालेला वायू समुद्रातलं मँगनीज खाली बसवतोय! तो चुना आणि ते मँगनीज आज जिल्ह्याच्या खडकांत आहे. भूशास्त्रज्ञांनी त्या खडकांना पैनगंगेचंच नाव दिलंय. आदिलाबादच्या बंद पडलेल्या सिमेंट कारखान्यामागे आणि मँगनीजच्या खाणींमागे हा समुद्र आहे. मला या जिल्ह्याची याहून मोठी श्रीमंती माहीत नाही.

आता १९४१. जिल्हा निजामाच्या राज्यात, किनवट आणि राजुरा अजून याच जिल्ह्यात. जोडेघाटच्या डोंगरात गोंडांचा पुढारी कोमरम भीम निजामाशी लढताना पडला त्याला वर्षही झालेलं नाही. रानात कापसाची शेवटची वेचणी चाललीय. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात बर्कलीला सॅम्युअल रूबेन आणि मार्टिन केमन शेवाळाला जड ऑक्सिजन असलेलं पाणी देतात आणि दाखवून देतात की, बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातला असतो, कार्बन डायऑक्साइडमधला नव्हे. कुठून येतो ते कळलं. कसा येतो, ते दिसू लागायला कित्येक दशकं जायची आहेत.

मधली वर्षं भरभर ओलांडा. १९७० नंतर शास्त्रज्ञ बेसेल कॉक यांनी मांडलेली पायऱ्यांची साखळी सर्वांना मान्य होते : प्रकाशाचा एक कण, एक पायरी, चार पायऱ्या झाल्या की ऑक्सिजनचा एक रेणू. २०११ साली जपानी शास्त्रज्ञांनी स्फटिकावर क्ष-किरण टाकून गठ्ठ्यातल्या अणूअणूची रचना काढली. पण त्यासाठी वापरलेल्या सिंक्रोट्रॉन या यंत्राचे क्ष-किरण मँगनीजला इलेक्ट्रॉन देतात, म्हणजे चित्र निघेपर्यंत मँगनीजची मूळ अवस्थाच बदलते. बघण्यानेच बिघडणारी वस्तू बघायची कशी?

त्यासाठी १० एप्रिल २००९ला कॅलिफोर्नियातच स्टॅनफर्डजवळ या. जमिनीखाली तीन किलोमीटरहून लांब, १९६०च्या दशकातला सरळसोट प्रवेगक आहे. वरून महामार्ग जातो. त्याच्या शेवटच्या किलोमीटरमध्ये इलेक्ट्रॉनांचे पुंजके जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सोडले जातात. पुढे चुंबकांची लांब रांग : उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण. त्यातून जाताना इलेक्ट्रॉन नागमोडी डोलतात आणि क्ष-किरण टाकतात. सुरुवातीला प्रत्येकाचा ठेका वेगळा. मग निघालेले किरणच पुंजक्याला ढकलत ढकलत पातळ चकत्यांत बसवतात. पावलीत वारकऱ्यांची पावलं टाळावर एकत्र पडू लागावीत तसे सगळे इलेक्ट्रॉन एका लयीत येतात आणि प्रकाश उसळतो. त्या दिवशी दीड अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा, अणूंच्या अंतराएवढा बारीक लेसर जगात पहिल्यांदा लागला. हाच क्ष-किरण मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर. आधीच्या स्रोतांपेक्षा त्याचं स्पंद सुमारे शंभर कोटी पट तेजस्वी, आणि टिकतं काही डझन फेमटोसेकंद.

फेमटोसेकंद म्हणजे काय ते तुमच्या रानातच मोजू. एका फेमटोसेकंदाला एक सेकंद मानलं, तर खराखुरा एक सेकंद ३ कोटी १७ लाख वर्षांचा होईल. असे दोन सेकंद मागे गेलात की दख्खनच्या लाव्ह्याजवळ पोचाल. एवढ्या आखूड स्पंदात स्फटिकाची वाफ होते खरी, पण अणू हलायच्या आत किरण चित्र घेऊन पुढे गेलेले असतात. जळण्याआधी पाहून घ्यायचं. ही कल्पना २००० साली मांडली गेली आणि २०११ला प्रत्यक्षात आली.

आता त्या लेसरच्या प्रयोगाच्या कोठडीत शिरा. जुंको यानो, विठ्ठल याचंद्र आणि यान केर्न यांचा बर्कलीचा चमू तिथे आहे. एक बारीक पट्टी सरकतेय, तिच्यावर नॅनोलिटरचे थेंब, थेंबात गठ्ठा ज्यात बसलेला असतो त्या प्रथिनाचे हिरवट स्फटिक. हे प्रथिन गरम झऱ्यात राहणाऱ्या सायनोबॅक्टेरियाचं. पऱ्हाटीत तेच काम करतं. थेंब पुढे जाताना हिरव्या लेसरचा एक झोत, मग दुसरा, मग तिसरा, आणि ठरवलेल्या क्षणी क्ष-किरण. थेंब संपला, चित्र उरलं. लाखो थेंबांची चित्रं जोडून हालचाल दिसू लागते. दुसऱ्या झोतानंतर गठ्ठ्यात ऑक्सिजनचा आणखी एक अणू येऊन बसतो, मँगनीज जरा दूर सरून त्याला जागा देतं. तिसऱ्या झोतानंतरच्या मिलिसेकंदांतल्या मधल्या अवस्था या चमूने २०२३ साली प्रसिद्ध केल्या. प्रथिन नेहमीच्या तापमानाला, न गोठवता काम करत असताना हे टिपलंय, याचं मला सर्वांत अप्रूप वाटतं.

ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना धरतात, तो नेमका क्षण अजून कोणी पाहिलेला नाही. तो कळला तर पाणी आणि ऊन यांपासून स्वस्त हायड्रोजन काढणारं, माणसाने घडवलेलं पान जवळ येईल. तो क्षण गाठायला चित्रं आणखी भरभर घ्यावी लागतील. हॅम्बुर्गजवळचा ३.४ किलोमीटरचा युरोपीय लेसर सेकंदाला २७,००० स्पंदं देऊ शकतो. स्टॅनफर्डच्या २०२३च्या नव्या यंत्राची क्षमता दहा लाखांची आहे. भारतात क्ष-किरणांचा असा लेसर नाही. इंदूरला राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ सिंक्रोट्रॉन आहे, अवरक्त किरणांचा मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरही उभारलाय. देशाची भूक पाहता हे थोडं आहे, आणि ते वाढायलाच हवं.

तोवर दार बंद नाही. या यंत्रांवरचा वेळ अर्ज पाहून दिला जातो, आणि निष्कर्ष खुले ठेवणाऱ्या संशोधनाला भाडं पडत नाही. आदिलाबादच्या कॉलेजात तुम्ही रसायनशास्त्र शिकत असाल, तर स्फटिक वाढवायला शिका. यंत्र कितीही वेगवान झालं तरी थेंबात घालायला चांगला स्फटिक कोणीतरी हाताने वाढवावाच लागतो.