रोजा कोणी तपासायचा?

२०२५ साली रमजान आणि ख्रिस्ती बांधवांचा प्रायश्चित्तकाळ जवळजवळ एकत्रच आला. २ मार्चला आपला पहिला रोजा आणि ५ मार्चला त्यांचा राखेचा बुधवार. खोपोलीत घाटाखालचा उकाडा तोवर जाणवू लागलेला असतो. अशाच एका दुपारी मोहल्ल्यातला एक तरुण टपरीवर पाणी पिताना दिसला. तो कारखान्यात भट्टीवर काम करतो. मी चारचौघांत विचारलं, "काय रे, रोजा नाही वाटतं?" त्याने ग्लास खाली ठेवला आणि काही न बोलता निघून गेला.

त्या दिवसांत मी पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचत होतो. विधवांसाठी आयुष्य वेचणाऱ्या विदुषी म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण उपवास म्हणजे काय आणि तो कोणासाठी, या प्रश्नाची किंमत त्यांच्याइतकी फार थोड्यांनी मोजली असेल.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरत. व्रतं, उपवास, दानधर्म यांत घरात कसूर नव्हती. जवळचा पैसा त्यातच संपला आणि १८७०च्या दशकात अन्नाची टंचाई आली. रमाबाईंनी पुढे लिहून ठेवलं आहे की अकरा दिवस आणि रात्री त्या कुटुंबाने पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरांवर काढल्या. वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. व्रताचा उपवास आणि नाइलाजाची उपासमार, दोन्ही त्यांनी एकाच घरात पाहिली.

१८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण धर्म बदलला म्हणून मान तुकवली नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रांतून मोठा वाद झाला. चर्चचे वरिष्ठ सांगतील ते मानावं, असा आग्रह होता. रमाबाईंचं म्हणणं असं की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्याचं जोखड मी घेणार नाही. आज्ञा ईश्वराची मानीन, मधल्या माणसाची नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यालाही बिशपांनी हरकत घेतली होती. याच पत्रांत त्रैक्याबद्दलच्या त्यांच्या शंकाही आहेत. तेवढ्याच उचलून आपण खूश होऊ नये. पुढे त्यांची ख्रिस्तावरची श्रद्धा पक्की झाली आणि अखेरपर्यंत टिकली.

१८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेलं शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्याला गेलं. धर्मांतरावरून १८९३ मध्ये त्यांच्यावर कडक टीका झाली, 'केसरी'नेही केली. मग १८९६-९७चा दुष्काळ आला. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी मुली घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. १९०० पर्यंत तिथे दीड हजारांच्या आसपास माणसं होती. शेती, विहिरी, विणकाम, छापखाना, सगळं मुलींच्या हातांनी चाले.

त्याच ठिकाणी हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ला त्या वारल्या. भाषांतर १९२४ मध्ये पूर्ण छापून निघालं. या कामात यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय त्यांच्या हाताखालून गेला. तिथे लोक तक्रार करतात की आम्ही उपवास केला तरी देव बघत नाही. संदेष्टा उत्तर देतो की उपवासाच्याच दिवशी तुम्ही मजुरांना पिळता. देवाला हवा तो उपवास म्हणजे जोखड तोडणं, भुकेल्याला आपल्या भाकरीतलं देणं, बेघराला घरात घेणं. ज्या बाईने अकरा दिवस पाला खाल्ला होता, तिने हे शब्द मराठीत लिहिले.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू, आपले हजरत ईसा (अ.), सांगतात की उपवास केलास तर तोंड धू, लोकांना कळू देऊ नकोस. त्याच ग्रंथात निवाड्याच्या दिवसाचं चित्र आहे. तिथे भुकेल्याला खाऊ घातलं का, आजाऱ्याची विचारपूस केली का, याचा हिशेब होतो. सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये कयामतच्या दिवशी अल्लाह माणसाला जवळपास हेच विचारतो. आणि रोजा तुमच्या आधीच्यांवरही फर्ज होता, हे सूरह बकराच सांगते. आजारी आणि प्रवासी यांना सवलत, ज्यांना रोजा झेपतच नाही त्यांनी गरिबाला जेवू घालावं, हेही तिथेच आहे.

दोन धर्मांत फरक आहेत आणि ते राहतील. पण एका गोष्टीवर दोन्ही ग्रंथ ठाम आहेत: निवाडा करणारा एकच आहे. मग टपरीवर उभं राहून दुसऱ्याचा रोजा तपासायचा अधिकार मला कोणी दिला?

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या घरी गेलो. माफी मागितली. भट्टीवर त्याला आदल्या आठवड्यात भोवळ आली होती, हे तेव्हा कळलं. सुटलेले रोजे ईदनंतर थंडीच्या दिवसांत पुरे करीन म्हणाला. मी त्याला इतकंच म्हणालो, "ते तुझं आणि अल्लाहचं." मग त्याच्या आईने इफ्तारला थांबवून घेतलं.