कडेवरचं पोर

गोखिवऱ्यात गाळे वाढले, चाळी वाढल्या, आणि माझ्या अंगणवाडीच्या उंबऱ्यावर एक पोर रोजची झाली. नऊ-दहा वर्षांची. कडेवर दीड वर्षाचा भाऊ, एक पाय आत, एक बाहेर. आई गाळ्यात पॅकिंगला, बाप बिगारीवर. "शाळेत का नाही गेलीस गं?" विचारलं तर बोलायची नाही. भावाला जरा वर सरकवायची, बस्स. त्याच्या भाराने तिची कंबर एका अंगाला गेलेली.

मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की आपण थेट पुण्याला, १८४८च्या भिडेवाड्यात जातो. जायलाच हवं; सतरा वर्षांच्या सावित्रीबाईंनी अंगावर शेण झेललं म्हणून तर मी आज हजेरी लिहिते. पण या पोरीचं कोडं सुटलं ते आमच्याच जिल्ह्यात. डहाणू लोकल पकडून शेवटपर्यंत जायचं, तिथून पुढे कोसबाडची टेकडी.

तिथे काम केलेल्या अनुताई वाघ १९१० सालच्या, मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न झालं, सहा महिन्यांत नवरा गेला. तेव्हा अशा मुलीची जागा माजघरात, तीही कोपऱ्यात. ही मात्र शिकली, शिक्षिका झाली, पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिकवू लागली, दिवसा शिकवून रात्रशाळेतून स्वतः मॅट्रिक झाली. आणि १९४५ मध्ये, सगळं मार्गी लागलेलं असताना, पुणं सोडून बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांबरोबर आमच्या जिल्ह्यातल्या बोर्डीला आली. माजघरातून बाहेर पडायला धाडस लागलंच असेल. पण हातची नोकरी सोडून अनोळखी गावात यायला मला त्याहून जास्त वाटतं. पगारावर घर चालवणाऱ्या बाईला हे समजेल.

बोर्डीत गरीब वस्तीतली पोरं शाळेत येईनात. मग या दोघीच वस्तीत गेल्या. कुणाच्या तरी अंगणात पोरं जमवायची, आंघोळी घालायच्या, नखं कापायची, मग गाणी. माँटेसरीची महागडी साधनं कुठून आणणार? शंख-शिंपले, बिया, पानं होतीच. अंगणात भरते ती अंगणवाडी. सरकारची योजना १९७५ची. माझ्या दारावरच्या पाटीचा शब्द त्याआधीचा.

पुढे काम कोसबाडला, वारल्यांच्या पाड्यांत गेलं. तिथेही थोरल्या मुली घरीच. कारण तेच, कडेवरचं पोर. आईबापांना उपदेश करण्यात या दोघींनी वेळ घालवला नाही. त्यालाही घेऊन ये, म्हणाल्या. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, त्याला विकासवाडी म्हणाल्या. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली पाटी घेऊन वर्गात. गुरं राखणाऱ्यांसाठी तर शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा.

आमच्या नियमात तीन वर्षांखालच्याचं वजन करायचं, खाऊचं पाकीट घरी द्यायचं. बसायला जागा तीन पूर्ण झाल्यावर. तरी माझी मदतनीस त्या दीड वर्षाच्याला गोधडीवर बसवते. परवा तपासणी होती.

"हा कोण? हजेरीत नाही."

"थोरलीचा भाऊ, मॅडम."

"थोरली कुठाय?"

"शाळेत. तिसरीला."

मॅडमनी वहीत लिहायला हात पुढे केला, पण पेन त्याच्या मुठीत होतं.