उपनगरातली इटालियन खाणावळ

अमेरिकी उपनगरांतले इटालियन हॉटेल इटलीतून थेट आलेले नाही. ते आधी मोठ्या शहरांतल्या इटालियन वस्त्यांत घडले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर गिऱ्हाइकांच्या मागोमाग शहराबाहेर गेले. म्हणून न्यू जर्सीतल्या किंवा शिकागोजवळच्या अशा दोन हॉटेलांची तुलना करताना नेपल्सची वा रोमची मोजपट्टी फारशी कामी येत नाही. त्यांचे माहेर कोणत्या शहरातली कोणती वस्ती, हे आधी पाहावे लागते.

१८८० ते १९२० या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत उतरले. त्यांतले बहुसंख्य कांपानिया, कालाब्रिया, सिसिली अशा दक्षिणेकडच्या गरीब मुलखांतले होते. गावाकडे त्यांचे जेवण म्हणजे जाडाभरडा पाव, कडधान्ये आणि पालेभाजी, मांस सणासुदीला. सुरुवातीला आलेले बरेचसे एकटे पुरुष होते, रेल्वेवर, बांधकामावर, गोदीत राबणारे. गावची एखादी बाई आठ-दहा जणांना राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण द्यायची. गिरणगावातल्या खाणावळींसारखीच ही व्यवस्था होती, आणि पुढची अनेक हॉटेले तिच्यातूनच निघाली. न्यूयॉर्कची मलबेरी स्ट्रीट, बॉस्टनचा नॉर्थ एंड, फिलाडेल्फियाचा दक्षिण भाग, शिकागोची टेलर स्ट्रीट ही त्यांची ठिकाणे.

या स्वयंपाकघरांत पदार्थ बदलले ते मुख्यतः मांसामुळे. अमेरिकेत गोमांस इटलीच्या मानाने स्वस्त होते आणि मजुराच्या हातात रोख पगार होता. इटलीत मांसाचे छोटे गोळे वेगळ्या ताटलीत खात. इथे ते मुठीएवढे झाले आणि स्पॅगेटीवर जाऊन बसले. टोमॅटो आणि चीज घालून भाजलेल्या वांग्याच्या पार्मिजानात वांग्याच्या जागी आधी वासराचे मांस आणि मग कोंबडी आली. टोमॅटोचा रस्सा तासन् तास शिजू लागला, त्यात सॉसेज आणि हाडे पडू लागली. ‘खऱ्या’ इटालियन जेवणाचे पुरस्कर्ते या भरगच्च ताटाला नाके मुरडतात, पण त्यात अडाणीपणापेक्षा उपाशी दिवसांची आठवण अधिक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी समाजसेविका आणि आहारतज्ज्ञ याच कुटुंबांना लसूण आणि मसाले सोडून दूध आणि उकडलेल्या भाज्या खाण्याचा उपदेश करीत होते. तो कोणी फारसा मनावर घेतला नाही.

बाहेरचे गिऱ्हाईक या वस्त्यांत आले ते बऱ्याच अंशी दारूबंदीमुळे. १९२० ते १९३३ या काळात मद्यविक्रीला बंदी होती, पण घरच्या वापरासाठी फळांचा रस आंबवायला कायद्यात पळवाट होती. एका कुटुंबाला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५० लिटर, अशी मर्यादा धरली जाई. तळघरात वाइन मुरवणाऱ्या इटालियन कुटुंबांकडे लेखक, चित्रकार, पत्रकार जेवणाच्या निमित्ताने येऊ लागले आणि वाइन कॉफीच्या कपातून मिळू लागली. लाल-पांढऱ्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ आणि गवताच्या विणीत गुंडाळलेल्या बाटलीत खोचलेली मेणबत्ती ही ‘इटालियन’ सजावट लोकांच्या डोळ्यांत भरली ती याच सुमारास. याच दशकात कोनी आयलंडचे टोटोनोज (१९२४) आणि न्यू हेवनचे फ्रँक पेपे (१९२५) ही पिझ्झाची दुकाने सुरू झाली. १९२४ च्या स्थलांतर कायद्यातल्या राष्ट्रनिहाय कोट्याने मात्र इटलीतून येणाऱ्यांची संख्या अगदी थोडी करून टाकली. नवी माणसे येईनाशी झाली, तसा हा स्वयंपाक मूळ देशापासून तुटून आपल्या वाटेने वाढत राहिला. इटलीतल्या माणसाला तो परका वाटतो, याचे एक मोठे कारण हेच.

उपनगरांची कहाणी महायुद्धानंतरची. १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना घरासाठी स्वस्त कर्ज मिळू लागले. लाँग आयलंडवर १९४७ पासून उभ्या राहिलेल्या लेव्हिटाउनमध्ये सतरा हजारांवर घरे बांधली गेली. इटालियनांची दुसरी पिढी तिथे शिरू शकली. कृष्णवर्णीयांना मात्र करारातल्या अटीने दार बंद होते. युद्धकाळात ज्यांच्या आईबापांना ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून नोंदणी करावी लागली होती, ती माणसे काही वर्षांतच गोऱ्या मध्यमवर्गात मोजली जाऊ लागली. सगळेच काही खुशीने गेले नाहीत. बॉस्टनचा वेस्ट एंड, जिथे इटालियनांची मोठी वस्ती होती, १९५८ पासून नगर-सुधारणेच्या नावाखाली जमीनदोस्त झाला. त्या वस्तीचे वर्णन हर्बर्ट गान्स यांच्या ‘द अर्बन व्हिलेजर्स’ (१९६२) या ग्रंथात आहे. १९५६ च्या कायद्याने नवे महामार्ग झाले आणि १९६४ मध्ये व्हेराझॅनो पूल खुला झाल्यावर ब्रुकलिनची इटालियन कुटुंबे स्टेटन आयलंडला सरकली.

हॉटेलवाल्यालाही त्यांच्यामागे जाणे सोपे झाले होते. पिझ्झाच्या जुन्या भट्ट्या विटांच्या, कोळशावर चालणाऱ्या. त्या उचलून नेता येत नाहीत. १९४५ मध्ये आयरा नेव्हिन यांनी बेकर्स प्राइड ही गॅसवर चालणारी पिझ्झाची भट्टी बाजारात आणली. आता हमरस्त्यालगतच्या दुकानांच्या रांगेत, लाँड्री आणि केशकर्तनालयाच्या मधल्या गाळ्यातही पिझ्झा भाजता येऊ लागला. १९६५ मध्ये तो राष्ट्रनिहाय कोटा रद्द झाल्यावर नेपल्स-सिसिलीकडून पुन्हा माणसे आली. उपनगरांतले पुष्कळ गाळे याच नव्या हातांनी चालवले.

वरवर पाहता ही सगळी हॉटेले सारखीच. लसूण लावलेला पाव, तळलेले कालमारी (माकूळ), चिकन पार्मिजान, बेक केलेला झिटी पास्ता; अर्धे जेवण डब्यातून घरी जाणार हे ठरलेले. फरक दिसतो तो पिझ्झात आणि दोन-चार स्थानिक पदार्थांत. लाँग आयलंडवर ‘ग्रँडमा’ पिझ्झा मिळतो. तेल चोपडलेल्या चौकोनी ताटात पातळ पीठ, त्यावर चीज आणि वरून टोमॅटोचे ठिपके. न्यू हाइड पार्कच्या उम्बर्टोज (१९६५) या दुकानाचे नाव त्याच्याशी जोडले जाते. बॉस्टनच्या दक्षिणेला पिझ्झा हा बारचा पदार्थ आहे. ब्रॉक्टनच्या केप कॉड कॅफेसारख्या जागी तो छोट्या काळ्या तव्यात, कडेपर्यंत चीज पसरून, कडा करपवूनच देतात. शिकागोची ओळख बाहेर जाड ‘डीप डिश’ने होते, खुद्द तिथल्या उपनगरांत रोज खाल्ला जातो तो मात्र पातळ, कुरकुरीत, चौकोनी तुकड्यांत कापलेला पिझ्झा, जसा होमवूडच्या ऑरेलिओज (१९५९) मध्ये. तिथल्या मेनूवर बटाटे, वाटाणे आणि लसूण घातलेली ‘चिकन वेसुवियो’ सापडते, जी न्यू जर्सीत मागितली तर वेटर बुचकळ्यात पडेल. सेंट लुईसभोवती रॅव्हिओली पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात. न्यू हेवनच्या आसपास टोमॅटोशिवायच्या पिझ्झावर शिंपल्यांचे मांस येते. यांतल्या एकाही गोष्टीवरून मालकाचे आजोळ इटलीत कुठे, हे कळत नाही. शहर मात्र बिनचूक कळते.

गिऱ्हाइकाला काय आवडते आणि आचाऱ्याला काय द्यायचे आहे, हा तंटा ‘बिग नाइट’ (१९९६) या चित्रपटात नेमका आला आहे. १९५० च्या दशकातल्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर दोन इटालियन हॉटेले समोरासमोर. एकात भाताच्या रिसोटोसोबत स्पॅगेटीही मागणारी बाई, दुसऱ्यात लोकांना हवे तेच देणारा यशस्वी मालक. प्रत्यक्षात हा तंटा सत्तरच्या दशकात रंगला. मार्चेल्ला हाझान यांचे ‘द क्लासिक इटालियन कुक बुक’ १९७३ मध्ये आले, उत्तर इटलीच्या पाककृतींना प्रतिष्ठा मिळाली आणि मूळचे दक्षिणेकडचे मालकही पाटीवर ‘नॉर्दर्न इटालियन’ लिहू लागले. मेनूत रिसोटो आणि पेस्टो आले. मीटबॉल काही हलले नाहीत.

मोठा धक्का साखळी हॉटेलांचा होता. पिझ्झा हट १९५८ मध्ये कॅन्ससच्या विचिटा शहरात निघाले, म्हणजे ‘लिटल इटली’ म्हणवणाऱ्या कोणत्याही इटालियन वस्तीपासून दूर. १९८२ मध्ये जनरल मिल्स या खाद्यकंपनीने ऑर्लँडोत पहिले ऑलिव्ह गार्डन उघडले. हवे तितके सॅलड, हवे तितके पाव आणि मोठी पार्किंगची जागा, हे घरगुती हॉटेलांचेच भांडवल कंपनीने मोजूनमापून वापरले. जिथे इटालियन वस्ती कधी नव्हती, तिथे साखळी हेच इटालियन जेवण ठरले. ईशान्येकडच्या जुन्या उपनगरांत मात्र कोपऱ्यावरचे दुकान अनेक ठिकाणी तगले.

मूळ वस्त्या दरम्यान रिकाम्या होत गेल्या. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनचेच घ्या. तिथला ‘टोमॅटो पाय’ हा पिझ्झा चीज खाली आणि टोमॅटो वर अशा उलट्या थरांचा. तो विकणारे डेलोरेंझोज १९४७ पासून चेंबर्सबर्ग या इटालियन वस्तीत होते. त्याने २००७ मध्ये रॉबिन्सव्हिल या उपनगरात शाखा काढली आणि २०१२ मध्ये जुनी जागा बंद केली. ट्रेंटनमधलेच १९१२ पासूनचे पापाज हे दुकान पुढच्याच वर्षी रॉबिन्सव्हिललाच गेले. इतरत्र मालकांची मुले वकील-डॉक्टर झाली आणि गल्ल्यावर दुसरे लोक आले. न्यूयॉर्कच्या परिसरातली बरीच इटालियन हॉटेले आता अल्बेनियन कुटुंबे चालवतात. ही मंडळी ब्राँक्समधल्या इटालियन स्वयंपाकघरांत काम करत धंदा शिकली. भट्टीपाशी बहुधा मेक्सिकोचा किंवा एक्वादोरचा आचारी असतो, आणि चिकन पार्मिजान तो जुन्या मालकाने शिकवले तसेच करतो.